आरोपीच्या पिंजऱ्यातून मास्तरणीच्या खुर्चीत

१९३८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉक्टरला पत्र पाठवलं. टाइप केलेलं, ३३ पानांचं. त्यात रडगाणं नव्हतं. जेमतेम पाच वर्षांच्या मुलाचं वर्णन होतं, तेही पंचनाम्यासारखं काटेकोर. मुलगा काय खातो, कुठल्या वस्तू गरगर फिरवत बसतो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, घरात कोण आलं-गेलं याची त्याला कशी दखलच नसते. वकिलांचं नाव बीमन ट्रिपलेट आणि मुलाचं डोनाल्ड. पत्र गेलं ते जॉन्स हॉपकिन्सचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे. पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध छापला आणि वैद्यकाच्या पुस्तकात ऑटिझमला जागा मिळाली. त्या निबंधातला पहिला मुलगा म्हणजे हाच डोनाल्ड.

म्हणजे या निदानाचा पायाच मुळात एका बापाच्या निरीक्षणावर उभा आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र याच आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. तिथून बाहेर काढून त्यांना मास्तरकीच्या खुर्चीत बसवलं ते एका वेगळ्याच जातीच्या मानसशास्त्रज्ञांनी. आज स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या केंद्रांत समुपदेशन आणि वर्तन विश्लेषण (एबीए) ही दोन कामं एका छपराखाली चालताना दिसतात. ती शेजारी आली, पण सोयरिकीने नव्हे. दोघांनी एकमेकांना बराच काळ तुच्छ लेखलं. त्यांना एकत्र आणलं ते आधी वैतागलेल्या पालकांनी आणि नंतर मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी.

आधी बोलणाऱ्यांची, म्हणजे समुपदेशनाची बाजू. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बालमार्गदर्शन केंद्रांचा एक शिरस्ता ठरून गेला होता. मूल खेळण्यांच्या खोलीत मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि आई शेजारच्या खोलीत सामाजिक कार्यकर्तीकडे. वरवर पाहता ही सोय कुटुंबाच्या आधारासाठी होती, पण शेजारच्या खोलीतली ती आई म्हणजे दुसरी रुग्ण असं धरूनच बोलणं चाले. फ्रॉइडच्या विचारांचा तो अंमल होता. मूल जगाकडे पाठ फिरवून बसलं असेल तर घरात त्याला नकोसं वाटावं असं काहीतरी घडलं असणार, हे गृहीतच होतं.

कॅनर यांचा यातला वाटा दुटप्पी आहे. १९४३ च्या निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही मुलं जन्मतःच माणसांशी भावनिक नातं जोडण्याची अक्षमता घेऊन येतात. त्याच निबंधात त्यांनी असाही शेरा मारला की या मुलांचे आईबाप हुशार आहेत, पण त्यांच्यात मायाळू म्हणावेत असे थोडेच. १९४९ मध्ये तर त्यांनी या मुलांच्या घरांना कधीच न वितळणाऱ्या फ्रिजची उपमा दिली. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हे लेबल त्यातूनच निघालं. उपमा चटकदार होती, म्हणून टिकली.

ती उपमा धर्मग्रंथाच्या थाटात मांडली ब्रूनो बेटलहाइम यांनी. मूळचे व्हिएन्नाचे, दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत आलेले, १९४४ पासून शिकागोच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे प्रमुख. १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात त्यांनी स्वमग्न मुलाच्या अवस्थेची तुलना छळछावणीतल्या कैद्याशी केली. तुलना पुढे न्यायची तर पहारेकरी कोण, हे निराळं सांगायला नको. उपाय काय, तर मुलाला आईबापांपासून दूर ठेवायचं. पुस्तक खूप गाजलं. १९९० मध्ये बेटलहाइम वारल्यावर त्यांच्याच शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी तिथल्या मारहाणीबद्दल जाहीरपणे लिहिलं, पण तोपर्यंत दोन पिढ्यांच्या आया अपराधी मनाने जगून झाल्या होत्या.

गंमत अशी की त्याच १९६७ साली क्लारा पार्क या आईचं ‘द सीज’ हे पुस्तकही आलं. आपल्या मुलीची पहिली आठ वर्षं, घरच्या घरी तिला एकेक गोष्ट शिकवण्याची ती हकिकत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर मुलाकडे खरं लक्ष कोणाचं होतं हे चटकन कळतं.

आता दुसरी, वर्तन विश्लेषणाची बाजू. १९६४ साली छापलेल्या एका निबंधातली ही हकिकत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका मनोरुग्णालयात डिकी नावाचा साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, म्हणून शस्त्रक्रिया करून डोळ्यांतली भिंगं काढून टाकली होती. आता चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची अधू होणार, असं नेत्रतज्ज्ञ सांगत होते. डिकी चष्म्याला हातसुद्धा लावू देत नव्हता. आईबापांनी वर्षभर खटपट करून हात टेकले होते. शिवाय आकांडतांडव करणं, डोकं आपटणं, रात्ररात्र न झोपणं हे होतंच.

मॉन्ट्रोज वुल्फ, टॉड रिझली आणि हेडन मीस या तिघांनी हे प्रकरण हाती घेतलं. डिकीच्या मनात काय खदखदतंय हा प्रश्न त्यांनी बाजूलाच ठेवला. खोलीत चष्म्याच्या रिकाम्या फ्रेम ठेवल्या, काच नसलेल्या. डिकीने फ्रेम उचलली की त्याला खाऊचा किंवा फळाचा एक तुकडा. मग नुसती उचलून भागेना, ती हातात धरून ठेवायची. मग इकडून तिकडे न्यायची. मग चेहऱ्याजवळ आणायची. काम गोगलगायीच्या गतीने चाललं. फ्रेम उलटी लागायची, कानावर बसायची नाही, म्हणून मोठ्या माणसाची फ्रेम घेऊन ती डोक्यावर टिकेल अशी तिच्यात दुरुस्ती केली. खाऊच्या तुकड्यांनी भागत नाही असं दिसल्यावर सकाळच्या नाश्त्याचे घासच बक्षीस झाले. कधी आइस्क्रीम. हळूहळू जेवण, फिरायला जाणं, खेळ, सगळ्याची किल्ली चष्मा झाली. चष्मा भिरकावला की दहा मिनिटं खोलीत एकटं बसायचं. पाच दिवसांत भिरकावणं थांबलं. आपल्या युक्तीचाच हा परिणाम आहे ना, हे ताडून पाहायला त्यांनी काही आठवडे तो नियम उठवला. चष्मे पुन्हा उडू लागले. नियम परत लावला, पुन्हा थांबले. काम संपेपर्यंत डिकीने ६०० हून अधिक तास चष्मा लावला होता, दिवसाला साधारण बारा तास.

हा निबंध वाचणारे बहुतेक लोक चष्म्यापाशीच थांबतात. त्यातला दुसरा भाग इतिहासाच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. मूल शेवटी घरीच जाणार, तेव्हा हे सगळं घरी कोण करणार? म्हणून आईवडिलांना वॉर्डात बोलावून शिकवलं. डिकी घरी जाऊ लागला तेव्हा वॉर्डातला कर्मचारी सोबत गेला, झोपवायचं कसं, हट्टाच्या वेळी काय करायचं हे दाखवायला. सहा महिन्यांनी आईने कळवलं की चष्मा डोळ्यांवर आहे, आकांडतांडव नाही, झोप लागते आणि बोलणं वाढतंय. शेजारच्या खोलीत बसून आपल्या बालपणाबद्दल बोलणारी आई इथे पहिल्यांदा कामावर हजर झाली. दोष कोणाचा, हे तिला कोणी विचारलं नाही.

वर्तनवाद्यांबद्दल बोलताना त्यांचा कोरडेपणा सगळ्यांना आठवतो, पण त्या कोरडेपणाचा हा उपकार विसरून चालणार नाही. कारणांत रस नसल्यामुळे त्यांनी आईला निर्दोष सोडलं.

नेमक्या त्याच वर्षी निदानाच्या पातळीवरही आईची सुटका झाली. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलाचे सॅन दिएगोतले मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांचा मुलगा मार्क स्वमग्न. १९६४ च्या ‘इन्फंटाइल ऑटिझम’ या पुस्तकात त्यांनी आईच्या थंडपणाची उपपत्ती एकेक पुरावा घेऊन खोडून काढली. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली होती, पालकांनी भरून पाठवायची. देशभरातून पत्रं आली आणि त्या पत्त्यांच्या बळावर १९६५ मध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रिमलँड यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत चाललेलं इवार लोवास यांचं वर्तनवादी काम माहीत झालं होतं. ते गावोगावच्या पालकांना सांगत सुटले की मुलं शिकतात, फक्त शिकवण्याची पद्धत हवी. १९६९ मध्ये याच संघटनेच्या व्यासपीठावरून कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त जाहीर केलं. सभागृहातले पालक उभे राहिले असतील तर नवल नाही, पण निकालाला उशीर झाला होता हेही खरं.

लोवास हे मूळचे नॉर्वेचे, आणि या इतिहासातलं सगळ्यात अडचणीचं माणूस. १९६५ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांच्या प्रयोगशाळेवर सचित्र लेख छापला. त्यात कौतुक होतं, आणि मुलांवर ओरडणं, थपडा, विजेचे झटके हेही होतं. स्वतःला जखमा करून घेणाऱ्या मुलांना त्यातून वाचवता येतं, असा त्यांचा युक्तिवाद. तो युक्तिवाद आज वाचताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा पर्याय म्हणजे हातपाय बांधून ठेवणारी सरकारी रुग्णालयं होती, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आपल्या पहिल्या २० मुलांचं पुढे काय झालं ते छापलं. ज्या मुलांच्या आईबापांना पद्धत शिकवली होती ती टिकून होती किंवा पुढे गेली होती. जी संस्थांमध्ये परतली ती शिकलेलं विसरून गेली. आपल्याच कामाचा असा हिशेब छापणं सोपं नसतं. यानंतर पालकांना शिकवणं ही जोडीची गोष्ट राहिली नाही, ती पद्धतीचा कणा झाली. १९८७ चा लोवास यांचा अभ्यास तर प्रसिद्धच आहे. चार वर्षांखालची १९ मुलं, आठवड्याला सुमारे ४० तास, दोन किंवा अधिक वर्षं. त्यातली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पार करून गेली. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली नव्हती म्हणून त्यावर टीका झाली आणि आजही होते. पण आठवड्याला ४० तास हा आकडा पालकांच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

इथेच नवा पेच तयार झाला. आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटलेली आई आता मास्तरणीच्या खुर्चीत होती, आणि त्या खुर्चीला रविवार नव्हता. स्वयंपाक करताना नोंदी, अंघोळ घालताना सूचना, वहीत खुणा. मूल शिकलं नाही तर तास कमी पडले असणार. म्हणजे दोष पुन्हा तिच्याच पदरात, फक्त कलम बदललं. ती थकली आहे का, नवऱ्याशी बोलणं उरलं आहे का, धाकट्या भावंडाचं काय चाललंय, हे विचारणं वर्तन विश्लेषकाच्या कामात मोडत नव्हतं. ते समुपदेशकाचं काम, आणि समुपदेशकांवर पालकांचा विश्वास उरलेला नव्हता.

दोन्ही गोष्टी एकत्र करण्याचा सगळ्यात जुना आणि शहाणा नमुना नॉर्थ कॅरोलायनातला. एरिक शॉपलर शिकागोत शिकले आणि बेटलहाइम यांच्या विचारांना वैतागूनच बाहेर पडले. रॉबर्ट रिक्लर यांच्यासह त्यांनी चॅपल हिलच्या विद्यापीठात काम सुरू केलं आणि १९७१ मध्ये पालक हे सहचिकित्सक आहेत, अशी मांडणी केली. त्यांची व्यवस्था साधी होती. प्रत्येक कुटुंबामागे दोन माणसं, एक मुलाबरोबर काम करणारा आणि दुसरा पालकांचा सल्लागार. आईबाप एकतर्फी काचेमागे बसून मुलाचा धडा पाहत, शेजारी तो सल्लागार. नंतर जागा बदलत: आई मुलाला शिकवे आणि तज्ज्ञ काचेमागून पाहत. आपली चूक दिसण्याची पाळी दोघांवरही येई. काचेमागच्या त्या तासात धड्याबद्दल बोलणं होई, तसंच घरातल्या इतर गाठींबद्दलही. १९७२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या कामाला कायमची मान्यता दिली आणि ‘टीच’ हा राज्यव्यापी कार्यक्रम झाला. शॉपलर यांची पद्धत शुद्ध वर्तनवादी नव्हती, म्हणून त्या पंथातले लोक तिला आपलं मानत नाहीत. न मानोत.

वर्तन विश्लेषणाच्या आतूनही एक तडा गेला, आणि तो पाडला डिकीच्याच मॉन्ट्रोज वुल्फ यांनी. ते पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांसाठी ‘अचीव्हमेंट प्लेस’ नावाचं घर चालवू लागले. बक्षिसांची, गुणांची सगळी यंत्रणा चोख. पण तीच यंत्रणा दुसरीकडे नेली की दरवेळी चालेना. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो त्यांच्या बिरादरीत विचारायचा नसतो: घर चालवणारी माणसं मुलांना आवडतात का? त्यांचं कोणतं वागणं आवडतं? १९७८ मध्ये वुल्फ यांनी लिहिलं की उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल ज्याच्यावर उपचार चाललाय त्याचं मत घेतलं पाहिजे, ते मोजता येत नाही असं म्हणून टाळता येणार नाही. ज्या शास्त्राने माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही अशी शपथ घेतली होती, त्यात हे वाक्य लिहायला धाडस लागतं. त्या निबंधाचा उल्लेख नंतर हजारो वेळा झाला. त्याप्रमाणे वागणं मात्र फार कमी ठिकाणी झालं.

दुसरा मोठा बदल मारकुट्या मुलांच्या निमित्ताने झाला. १९८२ मध्ये, कॅनर यांच्याच बाल्टिमोरमध्ये, ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांचा अभ्यास मांडला. मूल डोकं कधी आपटतं? काम सांगितल्यावर? कोणी लक्ष देत नाही तेव्हा? एकटं असताना? एकाच कृतीमागे वेगवेगळ्या मुलांची वेगवेगळी कारणं निघाली. त्यानंतर तीन वर्षांनी एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं. काम अवघड आहे म्हणून मूल मारत असेल तर त्याला मदत मागायला शिकवा. लक्ष हवं म्हणून मारत असेल तर लक्ष मागायला शिकवा. मारणं आपोआप कमी झालं. शिक्षेची गरजच पडली नाही. ‘हे मूल असं का वागतं?’ हा प्रश्न एकेकाळी वर्तनवाद्यांनी खोलीबाहेर ठेवला होता. तो आता त्यांच्याच दाराने आत आला होता, आणि समुपदेशक तिथे आधीपासून बसलेला होता.

१९९३ हे वर्ष वेगळ्याच कारणाने लक्षात राहतं. कॅथरीन मॉरिस या टोपणनावाने एका आईने आपली मुलं लोवास पद्धतीने कशी सुधारली याचं पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत या पद्धतीसाठी रांगा लागल्या. त्याच वर्षी टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांसमोर भाषण केलं. सांगणं असं की तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते न आल्याचं दुःख करा हवं तर, पण ते दुःख समोर असलेल्या मुलाच्या अंगावर टाकू नका. एका बाजूला सुधारण्याची घाई आणि दुसऱ्या बाजूला आहे तसं स्वीकारा ही मागणी. दोन्ही एकाच वर्षी, एकाच श्रोतृवर्गासाठी. पुढे मिशेल डॉसन यांच्यासारख्या स्वमग्न लेखिकांनी विचारलं की मुलाला हात फडफडवण्याऐवजी ते स्थिर ठेवायला शिकवण्यात मुलाचा फायदा कोणता? बघणाऱ्यांना बरं वाटतं, एवढाच? वुल्फ यांचा १९७८ चा प्रश्न आता खुद्द उपचार घेतलेली माणसं विचारत होती.

दोन्ही विद्या अक्षरशः एकत्र जोडून पाहण्याचं काम पुन्हा ड्युरँड यांनीच केलं. अनेक कुटुंबांचा काही वर्षं माग काढल्यावर त्यांना दिसलं की मोठेपणी मुलाचं वागणं किती अवघड होईल हे लहानपणच्या वागण्यावरून जितकं सांगता येतं, त्याहून जास्त आईबापांच्या निराशेवरून सांगता येतं. ‘माझ्याच्याने होणार नाही’, ‘दुकानात सगळे मलाच नावं ठेवतायत’ असं मनाशी म्हणणारी आई वर्गात शिकलेली युक्ती दुकानात वापरत नाही, मुलाच्या हातात चॉकलेट देऊन बाहेर पडते. तिला युक्ती माहीत नसते असं नाही. म्हणून त्यांनी ५४ कुटुंबांचे दोन गट केले. एका गटाला फक्त वर्तनाचं प्रशिक्षण, दुसऱ्याला तेच प्रशिक्षण आणि सोबत त्या मनातल्या वाक्यांशी झुंजायला शिकवणारं समुपदेशन. २०१३ च्या निष्कर्षात दोन्ही गटांतल्या मुलांचं वागणं निवळलं, दुसऱ्या गटातल्यांचं अधिक. समुपदेशन झालं आईचं आणि फरक पडला मुलात, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब.

त्याआधी, २००६ मध्ये, स्टीव्हन हेज यांच्या स्वीकार आणि बांधिलकी उपचाराचा प्रयोग स्वमग्न मुलांच्या २० पालकांवर झाला होता. दोन दिवस, १४ तास. मुलांबद्दल एकही युक्ती शिकवायची नाही, फक्त पालकांच्या दुःखाशी काम करायचं. पालकांचा ताण कमी झाला. हेज हे मूळचे वर्तन विश्लेषकच. म्हणजे वर्तन विश्लेषणाचे जनक स्किनर यांच्या घराण्यातल्या नातवंडांनी आजोबांच्या अंगणात भावनांची पंगत मांडली.

व्यवहार मात्र वेगळ्याच दिशेने धावत होता. १९९८ मध्ये वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारं मंडळ स्थापन झालं, अमेरिकेतल्या एकेका राज्याने विमा कंपन्यांना ऑटिझमच्या उपचाराचा खर्च देणं बंधनकारक केलं आणि २०१९ पर्यंत सगळी ५० राज्यं त्यात आली. पैसा आला तशा कंपन्या आल्या, तास विकले जाऊ लागले. नवे विश्लेषक आलेख काढण्यात तरबेज, पण रडणाऱ्या बापासमोर काय बोलावं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. २०१९ च्या सुमारास ब्रिजेट टेलर, लिंडा लब्लाँक आणि मेलिसा नॉसिक यांनी पालकांनाच विचारून याच दुखण्यावर बोट ठेवलं: ऐकणं, सहानुभूती, कुटुंबाशी नातं, हे या अभ्यासक्रमात शिकवलं गेलं पाहिजे. लेख त्यांच्याच व्यवसायाच्या नियतकालिकात आला, हे चांगलं झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत विजेचे झटके एकविसाव्या शतकातही चालू होते. त्याला विरोध करणारी अधिकृत भूमिका वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घेतली ती २०२२ मध्ये. ‘लाइफ’मधल्या त्या छायाचित्रांनंतर ५७ वर्षांनी.

भारतात या गोष्टीला वेगळं वळण मिळालं, कारण इथे घरच्यांना बाहेर ठेवण्याची ऐपतच रुग्णालयांना नव्हती. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर नातेवाइकांना राहायला बोलावलं. गर्दीवरचा उपाय म्हणून सुरू झालेली ही सोय उपचाराचाच भाग झाली. अमेरिका आईला मुलापासून तोडत होती त्याच काळातली ही गोष्ट आहे. वर्तनाची पद्धत इथे आली ती मतिमंद मुलांच्या शिक्षणातून. सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी १९९२ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका आणि भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी तयार केली. देशभरच्या विशेष शाळांतल्या कितीतरी शिक्षिकांनी स्किनरचं नाव न ऐकता त्याचे धडे गिरवले ते तिथूनच.

ऑटिझमसाठी स्वतंत्र वाट काढली ती पुन्हा एका आईने. दिल्लीच्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. तिथल्या पालक-बालक प्रशिक्षण कार्यक्रमात आई किंवा वडील मुलाला घेऊन सुमारे बारा आठवडे रोज येतात. शिकवण्याची तंत्रं बरीचशी वर्तन विश्लेषणाची, पण रोज एकाच खोलीत बसलेल्या दहाबारा आया एकमेकींना जे सांगतात ते कुठल्या तंत्राच्या पुस्तकात सापडणार नाही. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ‘उम्मीद’ने कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मायकल व्हाइट यांच्या कथन पद्धतीचा आधार घेतला. समस्या ही समस्या आहे, माणूस ही समस्या नाही, असं ती पद्धत मानते.

गोव्यात तर आधी ऐकलं गेलं आणि मग उपचार ठरले. ‘संगाथ’ या संस्थेच्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गोव्यातल्या कुटुंबांच्या मुलाखतींवरून त्यांच्या अडचणी छापल्या. बहुतेक भार आईवर, घरच्यांचे टोमणे, शाळांचे नकार. मग आला ‘पास’ हा कार्यक्रम. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून खास प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक कुटुंबांबरोबर काम करतात. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण होतं आणि मग दोघं ते पडद्यावर पाहतात. मुलाने गाडी पुढे ढकलली, आईकडे क्षणभर पाहिलं, आणि आई तेवढ्यात दुसरं खेळणं आणायला वळली. तिथे चित्र थांबवायचं. ‘इथे काय झालं?’ एवढाच प्रश्न. उत्तर आईने द्यायचं. सहा महिन्यांत बारा बैठका. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: आई मुलाच्या चालीने चालू लागली आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. मूळ ब्रिटिश कार्यक्रम संवादाचा होता, वर्तन विश्लेषणाचा नव्हे. पण झोप, खाणं, शी-शू, चिडचिड यांचं काय करायचं, हे कुटुंबं विचारत राहिली. म्हणून ‘पास प्लस’मध्ये वर्तनाचे उपाय आले आणि पालकांच्या स्वतःच्या मनःस्थितीचा भागही आला. अमेरिकेत पन्नास वर्षं भांडून जवळ आलेल्या दोन विद्या इथे गरजेपोटी एकाच पिशवीतून घरोघर गेल्या.

प्रमाणपत्रांची बाजू मात्र कच्ची आहे. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन मंडळाने २०२३ पासून अमेरिका, कॅनडा आणि मोजक्या देशांपलीकडच्या नव्या अर्जदारांना दार बंद केलं. त्यामुळे पुण्या-मुंबईत ‘एबीए थेरपिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्याचं शिक्षण नेमकं कोणी तपासलं, हे पालकांनी स्वतःच विचारायची पाळी आली आहे. भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी करते. वर्तन विश्लेषकाचं नाव आलं ते आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यात. त्याच्या परिशिष्टात वर्तन विश्लेषक आणि समुपदेशक ही दोन्ही नावं एकाच गटात, एका खाली एक छापलेली आहेत.